पाठमोरी, चालताना

रघूच्या सलूनमधला टीव्ही खुर्चीच्या मागच्या भिंतीवर आहे, त्यामुळे दाढी करून घेताना तो आरशातच बघावा लागतो. खालची पट्टी उलटी पळते, निवेदिकेचा भांग भलत्या बाजूला जातो, आणि माणसं खरी जिकडे चालली असतील त्याच्या उलट दिशेला निघतात. मला ते बरं वाटायचं. एका वृत्तवाहिनीला रत्नागिरीच्या बातम्या पाठवणं हा माझा धंदा; निदान गालाला साबण असताना तरी बातमी वाचता येऊ नये. त्या मंगळवारी सकाळी रघूचा वस्तरा माझ्या गळ्याशी होता आणि आरशात आमच्या शेजारची सुरय्याचाची चालत होती. काळा बुरखा, पाठमोरी, मांडवीचा रस्ता, डावा पाय किंचित ओढत, आणि दर चार पावलांनी उजवा हात डोक्याकडे. पदर सारखा करायला. आता बुरख्याला कुठला पदर? पण चाळीस वर्षं पातळ नेसलेल्या बाईच्या हाताला ते कोण सांगणार? सात-आठ सेकंदांचं दृश्य, मग पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तो हात. निवेदिका सांगत होती, कुठल्याशा दूरच्या राज्यात मुलं पळवणाऱ्या टोळीतल्या एका महिलेला अटक झाली आहे, ती बुरखा घालून वस्त्यांमधून फिरायची, पालकांनी सावध राहावं. कोपऱ्यात 'संग्रहित दृश्य' अशी बारीक अक्षरं असतील, नियमाप्रमाणे असतात. मला ती उलटी दिसत होती, म्हणजे दिसत नव्हती. सुलटी असती तरी कोण वाचतं?

"ह्या असल्यांना ना, भर चौकात उभं करायला हवं," रघू म्हणाला. वस्तरा तसाच धरून तोही आरशात बघत होता. "बघ कशी चाललीय, लंगडीचं सोंग घेऊन." रघूचा विठू गेलं वर्षभर रोज सकाळी सुरय्याचाचीबरोबर बालवाडीत जातो. ताप आला तर चाची त्याला मांडीवर घेऊन बसते. तरी रघूने तिला ओळखलं नाही. त्याचंही बरोबरच म्हणायचं, त्याने चाचीला बुरख्यात पाहिलंय कधी? तिला बुरख्यात पाहिलेली माणसं जगात तीनच होती: ती स्वतः, तिची सून महरीन, आणि मी. म्हणजे मला तेव्हा तसं वाटत होतं. 'रघू, अरे ती आपली चाची,' एवढंच म्हणायचं होतं. गळ्यावर वस्तरा असताना माणूस बोलत नाही, हे कारण मला फार उपयोगी पडलं. मग वस्तरा निघाला, तुरटी फिरली, रघूने टॉवेल झटकला, आणि मी 'येतो रे' म्हणून बाहेर पडलो. बाहेर ऊन होतं, मासळीचे टेम्पो जात होते, आणि माझ्या गालांची आग होत होती.

सहा वर्षांपूर्वी तो तलाकचा कायदा झाला, त्या दिवसांतली ही गोष्ट. मुंबईहून वाहिनीच्या डेस्कचा फोन आला, 'मुस्लिम महिलांच्या प्रतिक्रिया पाठव, दोनपर्यंत.' साडेबारा वाजले होते. आमच्या आणि चाचीच्या घरांच्या मधे एक जांभ्याचा गडगा आहे, कमरेएवढी दगडी भिंत. लहानपणापासून आम्ही फाटकातून कमी आणि गडग्यावरून जास्त गेलो असू. मी कॅमेरा घेऊन गडगा ओलांडला. चाची पडवीत तांदूळ निवडत होती, नेहमीचं फुलाफुलांचं पातळ, डोक्यावर पदर. म्हटलं, चाची, कायद्याबद्दल दोन शब्द बोल. ती म्हणाली, "अरे, आमचे हे जाऊन चार वर्षं झाली. मना आता कोण तलाक देणार?" आणि इतकी हसली की सूप हललं. मग म्हणाली, "नळाला आठ दिवस पाणी नाय, त्याचा कायदा कर म्हणावं तुझ्या टीव्हीवाल्यांना." मी सगळं घेतलं. तिचे यजमान मुसाचाचा आखातात बोटीवर असताना ती इथे एकटीने काय काय करायची, ते तिने दहा मिनिटं सांगितलं. मग मला आठवलं, डेस्कला बघताक्षणी कळायला हवं. हे शब्द मला कुणी शिकवले नव्हते, ते माझ्या तोंडात आपोआप आले: "चाची, बुरखा नाही का गो तुझ्याकडे? असं पातळात कळत नाही." काय कळत नाही, हे तिने विचारलं नाही. आमच्या आईला शेजारच्या पोराने असं काही सांगितलं असतं तर तिनेही विचारलं नसतं. लेकरू कामाला आलंय, त्याचं काम व्हायला हवं, एवढंच. तिने महरीनचा बुरखा मागून आणला. महरीन नवी सून, चाचीच्या मुलाने, फैझानने, तिला कुवेतहून पाठवलेला तो बुरखा, बाह्यांना बारीक चंदेरी नक्षी. चाचीला तो आखूड झाला. आम्ही दोघं हसलो. मग मी तिला फाटकापासून रस्त्याने चालायला लावलं आणि कॅमेरा गडग्यावर टेकवला. पुढून नको, पाठमोरी चाल. आणखी एकदा. जरा हळू. तिसऱ्या वेळी ती वळून म्हणाली, "झाला काय तुझा सिनेमा? भात करपंल माझा." तिचं बोलणं डेस्कने वापरलं नाही, 'बाईटमध्ये दम नाही' असं कळवलं. चालणं ठेवून घेतलं. पाठवताना प्रत्येक दृश्याला चार शब्दांची ओळख लिहावी लागते, म्हणजे पुढे कुणाला लागलं तर शोधताना सापडतं. ती ओळख मीच लिहिली होती. मुस्लिम महिला, बुरखा, पाठमोरी, चालताना. नाव लिहायला तिथे जागाही नसते.

चाचीच्या दोरीबद्दल सांगायला हवं. आमच्या आळीतून बालवाडीत जायचं तर मोठा रस्ता ओलांडावा लागतो आणि बंदराकडून मासळीचे टेम्पो सुसाट येतात. तीस वर्षांपूर्वी चाचीने मुसाचाचांच्या मोडक्या होडीची दोरी घेतली, तिला दोन गाठी मारल्या, एक फैझानने धरायची, एक मी. गाठ सोडायची नाही, सोडली तर त्या दिवशी खाऊ नाही. मग शेजारची पोरं आली, गाठी वाढल्या. दोरी दोनदा बदलली, पण चाचीने पद्धत बदलली नाही. आता अकरा गाठी होत्या. साडेआठला चाची दोरीचं टोक धरून पुढे, मागे अकरा पोरं, कुणाचं नाक वाहतंय, कुणाची चप्पल सुटलीय. टेम्पोवाले लांबूनच वेग कमी करतात, एक जण तर रोज हात जोडतो. ह्या कामाचं कुणी तिला काही दिलं नाही आणि तिने मागितलं नाही, पायाचं दुखणं सुरू झाल्यावर आम्हीच म्हटलं, चाची, आता राहू दे, तर म्हणाली, "मंग मी सकाळी उठू कशाला?" माझी मनस्वी पाच वर्षांची आहे. तिला दुसरीच गाठ लागते, कारण ती बाबांची गाठ. त्यावरून तिची आणि विठूची रोज मारामारी.

मी डेस्कला फोन केला. तिथला मुलगा माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, मी त्याला सर म्हणतो. म्हटलं, सर, तो शॉट काढा, त्या बाई माझ्या शेजारी राहतात. तो म्हणाला, "चेहरा दिसतो का?" नाही. "नाव घेतलं का आपण?" नाही. "रत्नागिरी म्हटलं?" नाही. "मग प्रॉब्लेम काय आहे?" खरंच, काय होता प्रॉब्लेम? मला तो त्याच्या भाषेत सांगता येईना. मी म्हटलं, चालण्यावरून ओळखू येतात. तो हसला नाही, हे त्याचं सौजन्य. त्याने खटखट काहीतरी शोधलं आणि सांगितलं की हा शॉट फार चालतो. तलाक, निवडणूक, लोकसंख्या, एका बाँबस्फोटाच्या स्मृतिदिनाला, शाळेतल्या गणवेशाच्या भांडणात. चाची माझ्या नकळत देशभर फिरून आली होती. "स्वच्छ उजेड आहे, मागे गर्दी नाही, म्हणून सगळे उचलतात," तो म्हणाला, आणि क्षणभर, देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "असं करा, तुम्ही दुसरा पाठवा. तसाच, दुसरी कोणी बाई. तो आला की हा काढून टाकतो." मी कॅमेरा घेऊन निघालोसुद्धा. जेट्टीवर एक बाई लेकराला आईस्क्रीम भरवत होती, बुरख्यात. उजेड चांगला होता, मागे समुद्र. मी कॅमेरा डोळ्याला लावला. लेकराने मला टाटा केलं. ही कुणाची चाची असेल? मी कॅमेरा खाली केला आणि शेंगदाणे घेऊन बसलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिसरा कुणी नव्हताच ज्याला शिव्या घालाव्यात.

मग मला वाटलं, दुसरं काही करू. खरी चाची दाखवू. दोरी, पोरं, थांबणारे टेम्पो, तीस वर्षं. अशा गोड बातम्या कधीकधी लागतात, मधे जागा उरली की. गुरुवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन त्यांच्या मागेपुढे धावलो. चाचीने लग्नातलं निळं पातळ काढलं होतं. पोरं एरवीपेक्षा शहाणी चालत होती. ह्या वेळी मी तिला पुढून घेतलं, अगदी जवळून, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसकट. ती बोलली. म्हणाली, "पोरगी असो, पोरगा असो, कुणाचं पण असो, गाठ सोडायची नाय, बस." मी खाली बसून चित्रण बघत होतो तेव्हा महरीन दोरी आत ठेवायला आली. ती बी.एड. झालेली, कमी बोलते. म्हणाली, "सर्वेशभाई, तो जुना शॉट मी पाच वेळा पाहिलाय. माझा बुरखा मी ओळखणार नाही? प्रत्येक वेळी अम्मींच्या हातातून रिमोट घेतला, मालिका लावली." मी म्हटलं, मी प्रयत्न करतोय. ती म्हणाली, "त्या स्वतःच्या पातळात होत्या. तुम्ही त्यांना माझा बुरखा घातलात. मी घालते तो माझ्या मनाने घालते. आता मला तो अंगावर चढवताना कसंतरी होतं." हे ती रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

डेस्कला पाठवलं. उत्तर आलं, 'गोड आहे. पण ह्या मुस्लिम वाटत नाहीत, अँगल लक्षात येत नाही. बघतो.' ह्या धंद्यात 'बघतो' म्हणजे नाही. पण चाची सकाळ-संध्याकाळ गडग्यावरून विचारायची, "कवा लागणार रे?" तिला नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागणार, आणि का नाही ते सांगायचं तर सुरुवात त्या बुरख्यापासून करावी लागणार. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवारी. चार वाजता." चारच का, मला माहीत नाही. रविवारी चारला आमच्या वाहिनीवर फारसं काही नसतं, असं वाटलं असेल. लागली नाही तर सोमवारी म्हणू, पुढे ढकलली. माणसं दोन-तीन वेळा विचारतात आणि मग विसरतात, माझा अनुभव आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिने सगळ्या आळीला बोलावलं. रघूची बायको कमळा आली, आणखी सात-आठ जणी आल्या, पोरं तर झाडून सगळी. नम्रताने, माझ्या बायकोने, जाताना केसांत गजरा माळला. चाचीने आदल्या दिवशी तांदूळ भिजत घालून सांदणं केली होती. ती एरवी ईदला नाहीतर लग्नाला करते. मी दारातच उभा राहिलो. महरीन एकदा माझ्याकडे बघून गेली, मी मान हलवली, त्या हलवण्याचा अर्थ मलाही माहीत नव्हता. तिने रिमोट शोधला. तो चाचीच्या मांडीवर होता, पदराखाली. चार वाजले. पावसाचा अंदाज झाला, कुठल्याशा मंत्र्याचं भाषण झालं. "ह्याच्यानंतर," चाची सगळ्यांना म्हणाली, जणू तिनेच कार्यक्रम ठरवला होता. त्याच्यानंतर त्या टोळीची बातमी आली. आठवडाभर ती संपतच नव्हती. मोठ्या लाल अक्षरांत 'तुमची मुलं सुरक्षित आहेत का?' आणि मांडवीचा रस्ता. कुणाला काही कळलं नसतं, मला अजून वाटतं, कुणालाच कळलं नसतं. पण तो हात डोक्याकडे गेला आणि माझी मनस्वी टाळ्या पिटत उभी राहिली. "चाची! चाची आली टीव्हीत!" मग सगळी पोरं ओरडली, चाची आली, चाची आली, आणि बायका वाकून बघू लागल्या. चित्र पुन्हा सुरू झालं. पुन्हा पाय ओढत, पुन्हा हात. कडेला दिसणारा गडग्याचा कोपरा, आमच्या फणसाची फांदी. कमळाने विठूला मांडीवर ओढलं. तिने ते मुद्दाम केलं नसणार, आईचा हात तसा जातोच. चाची पडद्याकडे बघत होती. बराच वेळ तिला काही समजलं नाही, मग ती म्हणाली, "हा तर महरीनचा बुरखा." आवाजात राग नव्हता, ओळख पटल्यासारखी म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चुकून लागलंय, चाची. जुनं आहे. संग्रहित." हा शब्द मी तिच्या घरात पहिल्यांदा उच्चारला. ती म्हणाली, "अस्सं," आणि उठून सांदणं वाटू लागली. सगळ्यांनी खाल्ली. सगळ्या म्हणाल्या, टीव्हीवाले काय, कायपण दाखवतात, आपल्याला माहीत नाही का चाची कोण ती. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.

सोमवारी दोरीला नऊ पोरं होती. विठूला रघू दुकान उघडायला जाताना सोडणार होता, सोपं पडतं म्हणे. मंगळवारी सात. कुणाचा मामा आला होता, कुणी आजोळी गेलं. प्रत्येकाचं कारण चांगलं होतं, लोक ते चाचीला नीट येऊन सांगत, काहींनी तर पोराला पाया पडायला लावलं. बुधवारी मी फाटकापाशी होतो. रस्त्यापलीकडे बाहेरगावचे दोन पोरगे मोटारसायकल थांबवून दोरीकडे बघत होते, त्यातल्या एकाने मोबाइल काढला. त्यांना बहुतेक ते गोड वाटलं असेल. मी धावत गेलो, काय पाहिजे विचारलं, ते म्हणाले, काही नाही काका, छान वाटलं. गुरुवारी रात्री जेवताना नम्रता म्हणाली, "उद्यापासून मनस्वीला मी सोडते." मी म्हटलं, तू पण? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चाची कशा आहेत ते मला सांगू नका. माझं बाळंतपण त्यांनी केलंय. पण रस्त्यावरच्या माणसाला कुठे माहीत आहे? दोरीला लोकांची पोरं बांधून घेऊन चाललेली मुसलमान बाई. कुणी एकाने ओरडायची खोटी. तुम्हीच नाही का सांगितलं होतं, तिकडे मुलं पळवणारी समजून त्या बाईला कसं मारलं ते? त्यात मनस्वी असली तर? आणि पोरं नसतील तर चाचींनाही कुणी अडवणार नाही." तिने चाचीचाही विचार केला होता, माझ्यापेक्षा जास्तच. ती मारहाणीची बातमी मीच तिला दाखवली होती, मोबाइलवर, असंच जेवताना. मी ताटातला भात संपवला.

शुक्रवारी साडेआठला चाची गडग्यापाशी आली. हातात दोरी, मागे दोनच पोरं, पहिल्या आणि शेवटच्या गाठीला, मधली दोरी जमिनीवर लोळत होती. "सर्वेश, मनस्वी तयार झाली काय रे?"

"तिला ताप आहे, चाची. रात्रीपासून."

"अगो बाय माझी," ती म्हणाली. "थांब, जाऊ नको." दोरी गडग्यावर ठेवून, पाय ओढत, ती जमेल तितक्या घाईने आत गेली आणि पेजेची वाटी घेऊन आली. "मीठ घातलंय. लिंबाचं लोणचं लाव जरासं, म्हंजे तोंडाला चव येईल. मी येताना बगून जाते तिला." मी दोन्ही हातांनी वाटी घेतली. ती चांगलीच गरम होती. तेवढ्यात माझ्या मागे स्कूटर सुरू झाली. मनस्वी पुढे उभी होती, गणवेश, दप्तर, दोन वेण्या. "चाची," ती ओरडली, "मी आज गाडीवरून! विठू आला तरी माझी गाठ त्याला देऊ नको हां!"

नम्रताने मान खाली घालून स्कूटर बाहेर काढली. चाची मनस्वीकडे बघून हसली, हात हलवला, स्कूटर वळणाआड जाईपर्यंत तिकडेच बघत राहिली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. तिचा हात डोक्याकडे गेला, पदर होता तिथेच होता, तरी तिने तो सारखा केला. मग दोरी उचलली, पोरांना म्हणाली, "चला रे, गाठ सोडायची नाय," आणि फाटकातून रस्त्याला लागली. वाटीने बोटं भाजत होती आणि ती ठेवायला गडग्याशिवाय जागा नव्हती. मी ती गडग्यावर ठेवली आणि चाची दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. सहा वर्षांपूर्वी कॅमेरा मी इथेच टेकवला होता.